कासवीची नजर

नाशिकची थंडी द्राक्षबागायतदारांना जशी अंशाअंशाने माहीत असते, तशी ती आता मलाही माहीत झाली आहे. डिसेंबर लागला की निफाडचा पारा किती उतरला ही बातमी मी पेपरात सगळ्यात आधी शोधते. थंडीच्या लाटेत निफाडला तापमान पाच अंशांच्याही खाली जातं, आणि मग बागांमधून रात्रभर शेकोट्या पेटतात. नाशिक शहरात सहसा एवढी वेळ येत नाही. पण आमच्या घराच्या मागच्या गॅलरीत एक कासव राहतं, आणि त्याच्या अंगाला वीस अंश म्हणजेच कडाक्याची थंडी असते.

मनू तिचं नाव. डोळ्यांच्या मागे दोन्ही बाजूंना कुंकवाच्या रंगाचा पट्टा, मानेवर पिवळ्या-हिरव्या रेघा. रेड-इअर्ड स्लायडर या जातीचं हे कासव मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. दुकानात त्याला ‘लकी कासव’ म्हणतात. विकायला येतं तेव्हा ते नाण्याहून जरासं मोठं असतं, हिरवंगार आणि फार गोड. सोबत प्लास्टिकचं एक भांडं, त्यात मधोमध प्लास्टिकचं नारळाचं झाड, आणि वाळवलेल्या कोळंबीची डबी. घेणाऱ्याला कोणी सांगत नाही की या जातीची मादी जेवणाच्या ताटाएवढी होते आणि नीट सांभाळली तर तीस वर्षंही जगते. चेन्नईच्या विमानतळावर अशी हजारो पिल्लं सामानात कोंबून आणलेली कस्टम्सने अनेकदा पकडली आहेत. त्या प्रवासातून वाचलेली, दुकानातून वाचलेली, आणि मग भांड्यातल्या पहिल्या वर्षातून वाचलेली, एवढीच मोठी होतात.

मनू आमच्याकडे आली तेव्हा मोठी झालेली होती. शेजारच्या काकूंच्या मुलाने शाळेत असताना हट्टाने घेतलेली; तो शिकून बंगळुरूला नोकरीला लागला, काका-काकूही त्याच्याकडे राहायला निघाले, आणि सामान बांधता बांधता प्रश्न आला हिचं काय करायचं. कोणी म्हणालं गोदावरीच्या रामकुंडात सोडा, पुण्य लागेल. काकूंना ते पटेना. त्या मनूला टबासकट घेऊन आमच्या दारात आल्या. त्यांचा चेहरा बघून मी हो म्हटलं, आणि ते हो मला आजही बरोबर वाटतं.

काकूंनी जीव लावला होता, यात शंका नाही. पण दुकानदाराने कोळंबीची डबी दिली म्हणून त्या वर्षानुवर्षं तीच डबी आणत राहिल्या. मनूचे डोळे सुजून मिटत आले होते. कवचाच्या कडा अंगठ्याने दाबल्या तर दबत होत्या. मी तिला घेऊन प्राण्यांच्या डॉक्टरांकडे गेले, असे डॉक्टर ज्यांना कुत्र्या-मांजरांपलीकडचंही कळतं. (ते शोधायला वेळ लागतो. कासव घरात आणायच्या आधी ते शोधून ठेवा. आजारी पडल्यावर शोधू नका.) त्यांनी एक्स-रे काढला आणि मला समोर बसवून समजावून सांगितलं. डोळे सुजले ते अ जीवनसत्त्व कमी पडल्यामुळे. आणि कवच मऊ झालं, कारण कवच हे हाडच आहे.

हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. कवच म्हणजे कासवाने पाठीवर वागवलेलं घर, असंच आपल्याला लहानपणापासून सांगतात. प्रत्यक्षात त्याच्या बरगड्या आणि पाठीचा कणा पसरून, एकमेकांना जुळून ते कवच झालेलं असतं. त्याच्यावर नखांच्या जातीच्या पदार्थाचे पातळ फलक, आणि फलकांखाली जिवंत हाड, रक्त, संवेदना. त्याच्यावर बोट फिरवलं की कासवाला कळतं. म्हणून कवचाला ऑइलपेंटने रंगवणं, भोक पाडून साखळी बांधणं, यूट्यूबवर दाखवतात तसं तेल चोपडून चमकवणं, हे सगळं अंगावर केलेलं असतं.

आणि हाडाला लागतं ऊन. उन्हातल्या अतिनील किरणांमधला यूव्हीबी हा भाग कातडीवर पडला की शरीरात ड३ जीवनसत्त्व तयार होतं. ते नसेल तर पोटात कितीही कॅल्शियम गेलं तरी ते अंगी लागत नाही. मग शरीर हाडांमधूनच कॅल्शियम ओढायला लागतं. काकूंचं कासव तर खिडकीतच असायचं, रोज दोन तास ऊन लागायचं. पण ते काचेतून. काचेतून उजेड येतो, ऊबही येते, यूव्हीबी जवळपास येतच नाही. वर्षानुवर्षं उन्हात ठेवलेल्या जिवाला उन्हाचा जो भाग हवा होता तोच मिळाला नव्हता. ही गोष्ट मी आता कासव असलेल्या प्रत्येक घरात जाऊन सांगते. न विचारता सांगते.

आमचं घर तळमजल्याला आहे, मागे थोडं अंगण आहे, ही मनूची पुण्याई. सकाळी आठ-साडेआठला तिला टबात घालून अंगणात नेते. निम्म्या टबावर ओलं गोणपाट टाकते, कारण ऊन जितकं गरजेचं तितकंच धोक्याचं. कासवाला घाम येत नाही, तापल्यावर सावलीत किंवा पाण्यात शिरणं एवढा एकच उपाय त्याच्याकडे असतो. नाशिकचा एप्रिल चाळिशीला टेकतो. उथळ टबातलं पाणी थोड्या वेळात कढत होतं आणि सावली नसेल तर कासव तिथंच जातं. मी तिथं खुर्ची टाकून बसते. वर घारी असतात, भिंतीवर कावळे असतात. आणि मनू चढते. कासव हळू असतं हे ज्यांनी कुणी ठरवलं त्यांनी उन्हाच्या वेळी टबाची कड गाठणारं कासव पाहिलेलं नाही.

पावसाळ्यात ऊन नसतं. तेव्हा यूव्हीबीचा दिवा लागतो, रोज दहा-बारा तास, बरोबर शेकायला वेगळा बल्ब. दिव्याखाली कोरडी फळी हवी, जिच्यावर ती पूर्ण पाण्याबाहेर येऊन अंग सुकवू शकेल. तिथं तीस-बत्तीस अंश, पाण्यात पंचवीसच्या आसपास. यूव्हीबीच्या दिव्याची एक खोड लक्षात ठेवण्यासारखी आहे: तो लागत राहतो, छान उजेडही देतो, पण आतला यूव्हीबी सहा महिन्यांत-वर्षात संपत येतो. म्हणून मी दिव्याच्या टोपणावर घेतल्याची तारीख लिहिते.

तर थंडी. पहिल्या हिवाळ्यात आमच्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई, संध्याकाळी स्वतःची शाल घेऊन गॅलरीत गेल्या. “अगं, कुडकुडत असेल ती, पांघरूण घालते जरा.” मला त्यांना सांगायला जड गेलं की शाल ऊब तयार करत नाही, आपली ऊब धरून ठेवते; आणि मनूकडे धरून ठेवायला स्वतःची ऊब नाही. भोवतीचं पाणी जेवढं उबदार तेवढीच ती. पाणी गार पडलं की तिचं पोट थांबतं, आणि थांबलेल्या पोटात गेलेलं अन्न पचत नाही, कुजतं. थंडीत प्रेमाने भरवणं हेच तेव्हा घातक ठरतं. आई ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, “मग टाकीला पांघरूण घालू या, पाण्याची तरी ऊब राहील.” अगदी बरोबर होतं. हीटर आहेच, त्याला कासवाने धडक देऊन फोडू नये म्हणून जाळीही आहे, पण वीज गेली की आईंची जुनी गोधडी टाकीभोवती गुंडाळली जाते आणि पारा पुष्कळ वेळ टिकतो.

टाकी मोठी लागते. कवचाच्या दर सेंटिमीटरमागे साधारण पंधरा लिटर पाणी असा कासव पाळणाऱ्यांचा हिशेब आहे. मनू पंचवीस सेंटिमीटरची, म्हणजे पावणेचारशे लिटर. तेवढ्या पाण्याचं वजनच पावणेचारशे किलो. वरच्या मजल्यावर गॅलरीत ठेवणाऱ्यांनी आधी इंजिनिअरला विचारावं. काच परवडत नाही, काच हवीच असंही नाही. प्लास्टिकची मोठी रुंद टाकी उत्तम चालते. माशांच्या टाकीचा फिल्टर मात्र चालत नाही, त्याच्या दुप्पट ताकदीचा लागतो, कारण कासव पाण्यातच खातं आणि पाण्यातच सगळं करतं. गंगापूर धरणाचं पाणी नळाला सकाळी येतं, त्यात क्लोरीन असतं. मी ते एक दिवस उघड्या पिंपात ठेवते आणि मग आठवड्याला थोडं थोडं बदलते. काढलेलं पाणी मोगऱ्याला. मोगरा असा फुलतो की बिल्डिंगमधल्या बायका विचारायला येतात. कोथिंबीर-पुदिन्याला मात्र ते पाणी कधीच नाही.

कारण कासवाच्या अंगावर आणि पाण्यात साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. त्याला स्वतःला त्यांचं काही होत नाही. लहान मुलांना, म्हाताऱ्यांना जुलाब-ताप होतो, कधी दवाखान्यात ठेवावं लागतं. अमेरिकेत लहान मुलं पिटुकली कासवं तोंडात घालत, आजारी पडत, म्हणून तिथं १९७५ सालीच चार इंचांहून लहान कासव पाळायला विकण्यावर बंदी आली. आमच्याकडे नियम साधा आहे: मनूला हात लावला की साबणाने हात धुवायचे, आणि तिचं काहीही स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुवायचं नाही.

खाणं सांगते, कारण तिथंच सगळ्यात जास्त गफलत होते. पिल्लू असताना हे कासव मांसाहाराकडे झुकलेलं असतं, मोठेपणी पाला जास्त खातं. मनूला कासवांसाठीचे पेलेट एक दिवसाआड, बेताने. बाकी पाला, किसलेलं गाजर, लाल भोपळा. पालक आपल्याला पौष्टिक म्हणून आपण कौतुकाने घालतो, पण त्यातलं ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियमला बांधून टाकतं, तेव्हा तो रोज नको. टाकीत समुद्रफेनाचा तुकडा तरंगत असतो. मन झालं की ती तो कुरतडते आणि कॅल्शियम मिळतं. आणि जास्वंद. सकाळी झाडावरची फुलं उतरली की आई एक गणपतीला ठेवतात आणि एक मनूसाठी बाजूला काढतात. लांबून लाल दिसलं की मनू पोहत कडेला येते. गोदावरीत पाणवेली एवढी माजलेली असते, ती फुकट मिळेल, असं मला एकाने सुचवलं. कासवं पाणवेली आवडीने खातात हे खरं. पण ती वेल पाण्यातलं काय काय शोषून घेते हे माहीत असल्यामुळे नदीतलं पान मी घरात आणत नाही.

एका उन्हाळ्यात मनू खायची थांबली. टाकीच्या कोपऱ्यात मागचे पाय घासत राहायची, रात्रभर धडपड. मी तापमान तपासलं, पाणी तपासलं, सगळं ठीक. आई स्टुलावर बसून तिच्याकडे बराच वेळ बघत होत्या. म्हणाल्या, “हिला काही झालेलं नाही. ही जागा शोधतेय.” त्यांची चार बाळंतपणं झालेली, आणि गावी गाई-म्हशींची कितीतरी पाहिलेली. डॉक्टरांना फोन केला तर त्यांनीही तेच सांगितलं: मादी आहे, नर नसला तरी अंडी धरतात, आणि खणायला माती मिळाली नाही तर अंडी आत अडकून जीव जाऊ शकतो. त्या दुपारी आम्ही सिमेंटच्या मोठ्या घमेल्यात ओलसर रेती-माती भरून ती आडोशाला ठेवली आणि तिला तिथं सोडलं. मागच्या पायांनी, एकदाही मागे न बघता, तिने खड्डा खणला. अंडी पांढरी, लांबट. घातली, पायांनीच माती ओढून बुजवली, वरून पोटाने दाबून सपाट केली आणि निघाली. पुन्हा त्या जागेकडे फिरकली नाही.

कीर्तनात मी लहानपणापासून ऐकलं होतं की कासवी पिलांना दूध पाजत नाही, पंखाखाली घेत नाही. पैलतीरावरून नुसत्या नजरेनं पोसते. संतांनी देवाच्या कृपेला ही उपमा दिली. मला ती फार जवळची वाटते. पण त्या दुपारी समोर पाहिलं ते असं की नदीकाठच्या कासवाच्या अंड्यांना कुणाचीच नजर नसते. त्यांना माती उबवते. आत नर की मादी हेसुद्धा या जातीत मातीची ऊब ठरवते, जास्त ऊब असेल तर मादी. आणि मग माझ्या मनात आलं की घरात आणलेल्या कासवाचं तसं नाही. त्याला माती नाही, नदी नाही, स्वतःहून उन्हात जाणं नाही. ते भुंकत नाही, ओरडत नाही, दुखलं तर कण्हत नाही. आजार तर ते लपवतंच. जंगलात अशक्त दिसणं म्हणजे कोणाच्या तरी तोंडी जाणं. त्याला नजरच लागते, आणि ती आपली.

डॉक्टर दर वेळी मला एकच विचारतात: काय बदललं? एका अंगावर कलून पोहतेय का? कललं असेल तर फुफ्फुसात संसर्ग असू शकतो. तोंड उघडून श्वास घेते का, नाकाशी बुडबुडे आहेत का? फळीवर नेहमीपेक्षा जास्त बसते का, की येतच नाही? डोळे उघडे आहेत का? या कशाचंही उत्तर यंत्र देत नाही, रोज बघणारं माणूस देतं. आमच्या घरात ते माणूस आई आहेत. त्यांचे गुडघे आता फार चालू देत नाहीत, पण सकाळचा चहा त्या मनूपाशी घेतात आणि कधी कधी मला स्वयंपाकघरात हाक मारून सांगतात, “आज वर यायला वेळ लावला गं तिने.”

म्हणूनच वास्तूसाठी कासव पाळण्याचा मला राग येतो. उत्तर दिशेला कासव ठेवलं की पैसा टिकतो असं कोणीतरी सांगतं, आणि एक जिवंत प्राणी काचेच्या वाडग्यात येऊन पडतो. आपल्या देवळांत गाभाऱ्यासमोर दगडी कासव असतं, आपण त्याला नमस्कार करून आत जातो. ती श्रद्धा मी मानते. भांडी बाजारात पितळी कासवं मिळतात, सराफ बाजारात अंगठ्या मिळतात. त्यांना ऊन लागत नाही. शुभ हवं असेल तर ती घ्यावीत.

काही जणांना त्याहून ‘अस्सल’ हवं असतं, पाठीवर चांदण्या असलेलं. ते स्टार कासव इथलं, भारतातलं, आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते पाळणं, विकणं, विकत घेणं गुन्हा आहे, तुरुंगात जावं लागतं. चोरटा व्यापार इतका की २०१९मध्ये सगळ्या जगाच्या व्यापारातच त्याला सर्वात कडक बंदीच्या यादीत घातलं गेलं. ते रानातलं, कोरड्या माळावरचं कासव. ‘कासव म्हणजे पाणी’ एवढंच ठाऊक असलेले लोक त्याला टाकीत सोडतात आणि ते बुडून मरतं. शेतात, रस्त्यावर, विहिरीत कुठलंही कासव सापडलं तर घरी आणू नका. वनविभागाचा १९२६ हा क्रमांक आहे, तिथं कळवा.

आता ते रामकुंडाचं पुण्य. मनूसारखं कासव गोदावरीत सोडलं तर दोनच गोष्टी होऊ शकतात. एक तर ते मरेल, घाटाच्या दगडांत, घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला बुडवणाऱ्या पुरात. किंवा ते जगेल, आणि ते जास्त वाईट. जगातल्या शंभर सर्वात घातक आगंतुक प्रजातींची यादी आहे, त्यात या कासवाचं नाव आहे. ते चिवट आहे, खादाड आहे, ऊन खायच्या जागांवरून दुसऱ्या कासवांना ढकलतं, रोग नेतं. रामकुंडातलं पाणी खाली कुठं जातं? निफाड तालुक्यात नांदूर मध्यमेश्वरला, जिथं कादवा गोदावरीला मिळते, बंधारा आहे, हिवाळ्यात दूरदूरचे पक्षी उतरतात. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून २०२०मध्ये जाहीर झालेली. आपल्या नद्यांमध्ये आपली मऊ पाठीची कासवं आहेत, रेती उपसून, जाळ्यांत अडकून, मैल्याने आधीच हैराण झालेली. त्यांच्या घरात आपण नकोसा झालेला पाहुणा सोडायचा आणि हात जोडायचे?

कंटाळा आलेल्या माणसाला मी दोष देत नाही. त्याने विकत घेतलं तेव्हा त्याला तीस वर्षं कोणी सांगितली नव्हती. पण सोडणं हा मार्ग नाही. प्राणिमित्र संस्थांना विचारा, डॉक्टरांना विचारा, मोठी टाकी आणि अंगण असलेलं घर शोधा, आणि मिळेपर्यंत सांभाळा. आणि घेण्याआधी माझ्यासारखीला विचाराल तर मी घेऊ नका असंच सांगेन. मनूवर माझा जीव आहे, म्हणूनच सांगेन.

माझी पन्नाशी उलटली आहे. मनू अजून तरुण म्हणावी अशी. सरळ हिशेब केला तर ती माझ्या म्हातारपणातही असेल, कदाचित त्यानंतरही. म्हसरूळला राहणारी माझी भाची सध्या पशुवैद्यकीला जायच्या तयारीत आहे, रविवारी येते. तिला मी फिल्टर उघडायला शिकवलं, हीटरची जाळी दाखवली, वही दाखवली. वहीत दिव्यांच्या तारखा आहेत, वजनं आहेत, अंडी कधी घातली ते आहे, डॉक्टरांचा नंबर आहे. तिने वही शेवटपर्यंत वाचली आणि म्हणाली, “मावशी, आजी रोज जे बघते ते यात नाहीये.” मग पेन घेऊन ती आईंशेजारी बसली, आणि आई सांगायला लागल्या: फळीवर आली की आधी डावा पाय ताणते, मग मान, पाय आत असेल तर समज काहीतरी दुखतंय, पाऊस पडायच्या आधी तळाला जाऊन बसते, तेव्हा घाबरू नकोस.